बारामिनिटेंची चकती
"चार मिनिटं झाली," बारामिनिटे म्हणाले. "अजून आठ."

शिफ्टची इंजिनिअर खिडकीपासून पॅनेलपर्यंत येरझाऱ्या घालत होती. काचेपलीकडे लॅडलमध्ये, म्हणजे त्या भल्याथोरल्या बादलीत, दीडशे टन वितळलेलं पोलाद हलकेच थरथरत होतं. तळातून आर्गॉन वायूचे बुडबुडे सावकाश वर येत होते. त्यांच्याबरोबर ऑक्साइडचे बारीक कण तरंगत वरच्या मळीच्या थरात जातात आणि पोलाद स्वच्छ होतं. त्याला वेळ लागतो, आणि तोच तर नव्हता.

फोन वाजला. खालून ओतकामाचा फोरमन; तिथे टाकीतून पोलाद अखंड साच्यात ओतलं जात होतं.

"मॅडम, टाकी रिकामी होत आलीय. सहा मिनिटांत लॅडल आली नाही तर ओतकाम तुटेल. मग साहेबांना तुम्हीच सांगा."

साहेब काय म्हणतील ते तिला पाठ होतं. दोन महिन्यांत दोनदा ओतकाम तुटलं होतं आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. तिसऱ्यांदा तुटलं की घरी बसायचं.

"काका, सोडू या ना. नोंदवहीत बारा लिहू."

"कागदाला काय, काहीही लिहा, तो ऐकतो."

"मग गॅस तरी वाढवते."

त्यांनी बटणावर आधीच हात ठेवला होता. "जोर केलात तर मळी फाटेल. पोलादाला हवा लागली की आहेत त्याहून जास्त कण, आणि कण राहिला की रूळ असो वा गाडीच्या चाकांचा ॲक्सल, तिथेच तुटतो. आगीतून फुफाट्यात."

बारामिनिटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्याने ठेवलेलं नाव, आणि ते इतकं चिकटलं होतं की खरं कुणाला आठवत नव्हतं. माणूस महाहट्टी. कंपनीची बस दारावरून जाते, पण हे चालत येणार. सहा वर्षांपूर्वी मुलगा बसच्या अपघातात गेला, तेव्हापासून. खिशात कायम पोलादाची एक चकती, तपासणीसाठी काढलेला कुठल्याशा खेपेचा जुना नमुना. जीव घाबरा झाला की अंगठ्याने ती घासत बसायचे. त्यांच्या हातची सगळ्यात स्वच्छ खेप म्हणे. बायकोपेक्षा चकतीला जपतात, अशी थट्टा चालायची.

आत्ताही अंगठा चालूच होता. तिला त्या चकतीचाही राग आला.

"हिलाही बाराच मिनिटं दिली होती का?"

अंगठा थांबला. "नोंद बारा मिनिटांचीच आहे," ते म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ओतायचा वेग कमी करा," ती फोनवर म्हणाली. "जमेल तेवढा कमी. लॅडल बारा मिनिटं झाल्यावरच येईल."

"आणि मध्येच गोठलं तर?"

"तर माझ्या नावावर लिहा."

उरलेली मिनिटं सरता सरेनात. ती नखं खात उभी राहिली. शेवटी बारामिनिटेंनी हात वर केला आणि क्रेनने लॅडल उचलली. खाली टाकीत वीतभर पोलाद उरलेलं असताना ती पोचली. ओतकाम तुटलं नाही. इंजिनिअर स्टुलावर बसली. तिला हसू आवरत नव्हतं.

"काका, ती चकती दोन दिवस द्याल? लॅबमधल्या नव्या लोकांना दाखवते, स्वच्छ पोलाद कसं दिसतं ते."

त्यांनी चकतीवरून अंगठा एकदा फिरवला. मग चकती तिच्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या हाताने कोमट झाली होती.

"आज तुम्ही थांबलात, म्हणून देतो."

लॅबमध्ये तिने चकतीची एक बाजू नव्याने घासून चकचकीत केली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. आधी तिला वाटलं, भिंगच खराब आहे. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. वारूळ फुटल्यासारखे काळे कण, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तिने चकती उलटी केली. मागे खेपेचा नंबर ठोकलेला होता. त्याखाली खिळ्याने ओरखडलेल्या दोन ओळी होत्या.

'आठच मिनिटं दिली.

पोराच्या बसचा ॲक्सल.'