जर्सीची शिट्टी

अंतिम सामन्याची ही शेवटची चढाई होती आणि गुण बरोबरीत होते. मालनने झेप घेऊन सायलीचा घोटा धरला आणि शिट्टीची वाट पाहिली. चढाई करणारीला जरा दुखलं की तिची सेन्सर लावलेली जर्सी आपणहून शिट्टी मारायची आणि पकड बाद व्हायची. त्यामुळे तीन वर्षं सायलीला धरायची कुणाची छातीच होत नव्हती.

दोघी धाडकन मॅटवर आदळल्या. सायलीचा गुडघा सोलवटला, तरी जर्सी गप्पच! सायली चक्क खिदळत होती.

"मालनताई, किती दिवसांनी कबड्डी खेळल्यासारखं वाटलं हो!"

जिंकलेल्या मालनने तिला असं करकचून आवळलं की तेव्हा कुठे जर्सी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारू लागली. पंच मात्र टाळ्या वाजवण्यात दंग होते.