जो विसरेल तो बाद

लहानपणी आम्ही दोघं भावंडं बाबांबरोबर एक खेळ खेळायचो. पाळीपाळीने वहीत एकेक नवा नियम लिहायचा आणि दोन नियमांचं आपसात जमलं नाही, तर आधी लिहिलेला खरा मानायचा. पाचवा नियम बाबांचा होता, "जो विसरेल तो बाद." बाविसावा धाकटीने रडून-ओरडून लिहिला होता, "बाबा कधीच बाद होणार नाहीत."

हल्ली बाबा गॅस बंद करायला विसरतात, घराची वाट विसरतात. आज त्यांची बॅग दाराशी होती आणि वृद्धाश्रमाची गाडी खाली उभी होती. धाकटीला काही केल्या पटेना. तिने ती जुनी वही शोधून त्यांच्याच पुढ्यात ठेवली.

"बाबा विसरायला लागलेत. सांगा, यातला कुठला नियम खरा?"

खेळात बाबांनी कधीच कुणाची गय केली नव्हती. चष्मा पुसून त्यांनी दोन्ही ओळींवर बोट फिरवलं.

"यात घोळ कसला? पाचवा आधीचा. बाबा बाद."

मी बॅग उचलली.



बाबांनी हळूच माझी बाही ओढली. "अहो, पण ते बाबा आता जातील कुठे? इथंच राहू द्या की त्यांना."