मुशीचे पंख

नवल आला तो थेट पडवीतल्या मिरचीच्या पोत्यांकडेच गेला. तीन वर्षांनी पोरगं धानोऱ्याला आलं, तेही पोत्यांसाठी! दगूबाई चुलीपुढून उठली, पण त्याने आईकडे धड पाहिलंही नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि मगच हसला.

"माय, कोनले सांगं नही ना?"

"कोनले सांगू? मन्हासंगे बोलाले शे कोन आठे?"

ते खरंच होतं. नवरा गेल्यापासून ती भिंतींशी बोलायची. नवल तिकडे वेरावळला, मासळीच्या धंद्यात. फोन करायचा तो कामापुरता. मागच्या आठवड्यात केला, तो टेम्पोतून पोती येतील हे सांगायला.

"मिरचीखाल काय शे रे?"

"मुशीना पंख. शार्क म्हनतस ना, तो मासा. परदेशमा सूप करतस. सापडनूत तं सरळ जेल."

"नि मासा?"

"पंख कापी लेतस नि जित्ताच समुद्रमा फेकी देतस. मंग त्याले पव्हता येत नही. समुद्रना तळले जाईसन पडस."

"एकलाच?"

नवल मोबाईल बघत होता. त्या मुक्या जिवाचं काय होत असेल, ते दगूबाईला कुणी सांगायला नको होतं.

तिने कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं.

"आज ऱ्हाय ना रे."

"नही माय, सांजनी गाडी शे. दिवाळीले येसू."

"मांगे बी दिवाळीच सांगं व्हतं."

तिने बोचकं बांधायला घेतलं. दोन सदरे, टॉवेल, वर जुनी गोधडी.

"गोधडी कशाले? गाडीमा थंडी शे का?"

"लागी."

तो हात धूत होता, तेवढ्यात दारात जीप थांबली. वनखात्याची माणसं नेमकी पंखांच्या पोत्यापाशी गेली. मिरची ओतली तसे राखाडी, वाळके पंख अंगणात पडले. ठसक्याने सगळेच खोकू लागले.

"त्या गोकुळनीच घात करा!" नवल ओरडला. गोकुळ त्याचा भागीदार. "माय, तू रडू नको."

दगूबाई रडतच होती. तिने बोचकं त्याच्या काखेत कोंबलं. त्याला जीपमध्ये बसवल्यावर तिने वनखात्याच्या साहेबांची बाही धरून त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, दोन दिन पहिले मी खबर दिन्ही तव्हय तुम्ही सांगं व्हतं... आठे जवळ, नंदुरबारनाच जेलमा ठेवशात ना त्याले? दर आठवडाले भेट ऱ्हास ना?"