पिंपावरचा शिक्का

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनीच लालबागच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी गंगुबाईने शेजारच्या लवूला हाताला धरून चाळीच्या दारातल्या लोखंडी पिंपापाशी ओढत आणलं. पिंपाला आरपार भोक पडलं होतं. त्यामागे पाणी काढत उभा असलेला तिचा नवरा दौलत जागीच गेला होता.

“भावजी, तुम्ही कस्टमात आहात. ह्या पिंपावर ‘इंग्लंड’ कशाला ठोकलंय?”

“परदेशी पिंप पुन्हापुन्हा भरतात, वहिनी. कुणाच्याही दारात गेलं तरी कुठलं ते कळावं, असा नियम आहे.”

तिने मूठ उघडली. भिंतीतून उकरून काढलेली गोळी त्याच्या डोळ्यांपुढे धरून ती ओरडली, “मग हिच्यावर कुठल्या देशाचं नाव आहे? वाचा!”

लवूने गोळी उलटसुलट करून पाहिली.

“नाव परदेशी मालावरच लागतं, वहिनी. घरच्या मालावर नाही.”