खुर्चीवरचं स्वेटर

मधुकर देवतळ्यांचा हिशेब सरळ होता. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकलं की 'आत्ताच इथं होते' असं अख्खं सरकारी ऑफिस धरून चालायचं आणि त्यांना दुपारचे दोन तास मिळायचे. त्या दोन तासांत ते समता कॉलोनीतल्या दवाखान्यात जात. तिथं त्यांच्या बायकोचं, वनमालाबाईंचं डायलिसिस असे, आणि सुई टोचताना त्यांना नवऱ्याचा हात हातात लागे.

सोमवारी ते परतले तर टेबलावरच्या सतरा फायली निकाली निघालेल्या. वर्षभर तुंबलेल्या. सही त्यांचीच, शाई अजून ओली.

"देवतळे भैया, आज तो कमाल कर दिया," शेजारच्या टेबलावरचा साहू म्हणाला. "चाय के लिए भी नहीं उठे."

पोट्टा थट्टा करून राहिला, असं समजून ते हसले आणि खुर्चीत बसले. खुर्ची गरम होती.

बुधवारी चाळीस फायली निघाल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं.

शुक्रवारी ते धावतपळत दवाखान्यात पोचले, स्टूल ओढून बसले आणि बायकोचा हात हातात घेतला. नर्स सुई घेऊन आली.

"आंटी, आज भी अकेली? अंकल नहीं आए?"

वनमालाबाईंनी त्यांच्या आरपार दाराकडे पाहिलं. "काय करतीन बिचारे. ऑफिसात काम लय वाढलं त्यायचं."

मधुकररावांनी हात घट्ट दाबला. सुई टोचली तशी तिनं चादर मुठीत धरली.

ऑफिसची हजेरी पूर्ण भरली होती. दोन तास वजा झाले ते तिच्या वाट्याचे.