अशिलाला विचारायचं नाही

तिसरी शाल अंगावर पडली तेव्हा दिवाकर वकिलांना घाम फुटला. नाशकातला मे महिना, हॉलचे पंखे नुसते कुरकुरणारे. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

माइकवर किशोर होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, तोंडाचा फटकळ.

"सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. अशिलाला कधी विचारायचं नाही, बाबा, तू केलंस का. तो हो म्हणाला की कोर्टात आपली जीभ जड होते. म्हणून तर सर निवांत झोपतात."

हॉल हसला. दिवाकरही हसले. निवांत झोपेचं खरं काय ते त्यांच्या बायकोला, संध्याताईंना विचारावं. त्या पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

मग किशोरनं दानधर्माचं काढलं. पेठला मुलींचं वसतिगृह, पुस्तकं, कपडे, सगळं सरांच्या पदरचं. "तिथं शिकलेली पहिली मुलगी आज आलीय," तो म्हणाला. स्नेहल उठून उभी राहिली. कळवणला दवाखान्यात नर्स आहे ती. तिच्या शेजारी तिची आई भागीबाई, पदर डोक्यावर घट्ट ओढून बसलेली.

दिवाकरांची नजर तिथंच होती. सत्कार-बित्कार त्यांना नकोच होता. भागीबाई येणार कळलं म्हणून हो म्हणाले. इतकी वर्षं निरोप धाडले, बाई कधी फिरकली नाही. आज तिनं एकदा 'माफ केलं' म्हणावं, एवढंच हवं होतं म्हाताऱ्याला. मग बाकीच्या शाली कुणीही न्याव्यात.

भानगड एक्क्याण्णव सालची. पेठकडच्या एका पाड्यावर भागीबाईच्या नवऱ्याला कुणीतरी कोयत्यानं मारलं. बांधावरून त्याच्याशी भांडणारा चुलतभाऊ धनराज रक्तानं माखलेला तिथंच सापडला. केस दिवाकरांकडे आली.

जेलात धनराज सारखा म्हणायचा, "साहेब, ऐका तर. त्या सांजंला..."

दिवाकर हात वर करायचे. "मला नको सांगू. पोलिसांना काय शाबीत करता येतंय तेवढं बघू दे."

कोर्टात भागीबाई साक्षीला उभी राहिली. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर तिचा अंगठा होता, त्यात धनराजचं नाव. दिवाकरांनी तिला घोळात घेतली. दिवा लावला होता का, तोंड दिसलं का, मग धनराजच कशावरून. बाई रडायला लागली. "अंधार व्हता. मी काय नाय पाहिलं."

धनराज सुटला. पाया पडून असा रडला की दिवाकरांनी त्याच वेळी ओळखलं, केलंय ते यानंच. विधवा बाईची जीभ आपण पिरगाळली आणि खुनी मोकळा सोडला. ते जे आत रुतलं ते निघालंच नाही. स्नेहलची शाळा, वसतिगृह, सगळं त्यातून उभं राहिलं. लोक त्याला दानत म्हणत.

जेवणं उरकली. मांडववाले खुर्च्या आवरायला लागले. स्नेहल चपला शोधायला बाहेर गेली तसे दिवाकर भागीबाईजवळ जाऊन बसले.

"भागीबाई, कोर्टात मी तुम्हाला फार छळलं."

"कामच हाय त्ये तुमचं."

"तुमच्या नवऱ्याचा मारेकरी मी सोडवला. पोरीला शिकवलं ते काही उपकार नाहीत. मानगुटीवर बसलंय ते माझ्या. आता थकलो, बाई. जमलं तर माफ करा."

भागीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं काही हा माणूस आजच भेटलाय.

"धनराज काय बोल्ला नाय तुमाला?"

"मी बोलूच दिलं नाही."

"आन मी समजत व्हते, तुमाला समदं ठावं हाय," ती म्हणाली. "कोर्टात त्ये अंधाराचं इचारलं, मला वाटलं, वाट काढून देताय. तुमी बोलवायचे तवा लय भ्यायची मी. तोंड कसं दावू."

"मला काय ठाऊक असणार?"

तिनं दाराकडे पाहिलं. लेक अजून बाहेरच होती.

"पोरीवर कोयता उगारला व्हता तिच्या बापानं, साहेब. धनराज नुसता सोडवाया धावला. कोयता हिसकून घातला, त्यो मी."