जड झालेली पिशवी
बाळंतपणाचे चाळीस दिवस संपले, तशी सासूबाईंनी येसेनियाच्या पोटावरचा पट्टा सोडला आणि फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यावर कामाला परतायला पिशवी उचलली. "पोरी, दगड भरलेस की काय?" आत घरातल्या सगळ्या सुऱ्या दुपट्यात गुंडाळलेल्या निघाल्या. "अगं, आता टोमॅटो दातांनी चिरणार?" येसेनिया हसली नाही. "घेऊन जा, आई. बाळ रडलं की माझी नजर सुऱ्यांकडे जाते." "नसा तापल्यात तुझ्या, दुसरं काही नाही. बाळंतिणीला होतं असं. मेरीमातेला मेणबत्ती लाव." "लावली. मग काडेपेटीचीच भीती वाटायला लागली. तीही पिशवीत आहे." सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पाळण्यातलं बाळ उचलून छातीशी धरलं. "मुकादमाला फोन लाव. म्हणावं, म्हातारी येत नाही. आपण आत्ताच दवाखान्यात जाऊ." येसेनियाने बाळासाठी हात पुढे केले. सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. बाळ मात्र दिलं नाही.